माणसं गेली कशी ते घरात सगळ्यांना माहितीये, जगली कशी ते कोणाला विचारायचं?

तेरणाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री १०:४०

आज सर्वपित्री. सकाळी पत्र्यावर घास ठेवला, कावळा लगेच आला, आणि मग दुपारभर मी एक शंभर पानी वही घेऊन बसले होते. बरेच दिवस मनात होतं की आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांचं लिहून ठेवायचं. वंशावळ नाही म्हणत मी, वंशावळ वडिलांनी वारस नोंदीच्या वेळी केलेली आहे, स्टॅम्पपेपरवर, पण त्यात नुसती नावं आणि पुढे 'मयत'. मला प्रत्येकाला एक पान द्यायचं होतं.

सोळा माणसं झाली. सोळाच्या सोळा पानांवर ते माणूस कसं गेलं ते मला एका ओळीत लिहिता आलं, आणि जगलं कसं ते लिहायला घेतलं तर चार पानं भरली, बाकी बारा कोरी. तेव्हापासून चैन नाही म्हणून इथे लिहितेय.

आमचं गाव औसा तालुक्यात. जुनं घर सात खणाचं, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, दोन-अडीच हात रुंदीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या, भिंतीतच धान्याचं बळद. शेती कोरडवाहू, ज्वारी, करडई, तूर.

पणजोबा मानमोडीत गेले, म्हणजे १९१८ची ती इन्फ्लुएंझाची साथ, आमच्याकडे अजून मानमोडीच म्हणतात. त्या एका आठवड्यात घरातून तीन तिरड्या उठल्या असं आबा सांगायचे, आणि आबा तेव्हा तीन वर्षांचे, म्हणजे त्यांनाही ते कोणीतरी सांगितलेलंच. बाकीचे दोघं कोण ते माहीत नाही. पणजोबा उंच होते का बुटके, तापट होते का शांत, काहीच नाही.

आबांचे धाकटे भाऊ १९४८ साली, रझाकारांच्या वेळी. गावातल्या बायका-पोरं रातोरात बैलगाड्या जुंपून बार्शीकडे निघाली, तो इंग्रजांचा मुलूख होता आधी त्यामुळे तिकडे जीव वाचेल म्हणून. हे एक बैल लंगडत होता म्हणून मागे थांबले. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, लोक परत आले, हे सापडले नाहीत. त्यांच्या पानावर माझ्याकडे एवढंच, की लंगड्या बैलासाठी थांबणारा माणूस. पण निदान एवढं तरी आहे.

थोरले काका, काकू आणि चुलतबहीण ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात. वेगळं काय सांगू, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा येऊन झोपले होते. माळवदाची माती आणि भिंतीचे दगड, सगळं अंगावर. आम्ही लातूरला होतो, वडील मास्तर तिथे, म्हणून राहिलो. मी पंधरा वर्षांची. चुलतदादा शेतातल्या आखाड्यावर राखणीला होता म्हणून तो राहिला. वरून पाऊस, लाकडं मिळेनात, एकेका चितेवर किती माणसं ठेवली ते दादाने आजपर्यंत सांगितलेलं नाही. आम्ही विचारतही नाही.

पण थोरल्या काकांचं पान मी भरलं. डावरे होते. पंगतीत डाव्या हाताने घास उचलला की आबा ताटावरून उठवायचे, म्हणून जेवण उजव्या हाताने आणि बाकी सगळं डाव्या. ज्वारी काढायला लागले की पाठीमागे पेंढ्यांची रांग पडत जायची, त्यांची पात वेगळी ठेवायला लागायची कारण शेजारच्याला विळा लागायची भीती. ७२च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मुकादमाच्या हाताखाली हजेरी लिहायचे, चौथी पास होते ना, तिथे पोरांना सुकडी मिळायची ती घरच्या पोरांसाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे आणि वाटेत दुसऱ्यांची पोरं भेटली की वाटून रिकामे यायचे. घरी सगळे ती तांबडी मिलो ज्वारी खाऊन वैतागलेले, आणि हे हात हलवत परत. काकू किती बोलायच्या त्यावरून. बैल विकताना रडलेले मी स्वतः पाहिलेत.

आजी २००४ साली, वयाने. तिची तीन पानं झाली. आवाज, शिव्या, तंबाखूची चंची, डाव्या हाताच्या बोटावरचा जुना व्रण, विचारलं की "नवी नवरी होते तव्हाचं हाय" एवढंच म्हणायची. वडील २०२१ला कोविडमध्ये, दवाखान्याच्या बाहेर उभं राहून व्हिडिओ कॉलवर शेवटचं बघितलं. ते पान मी आज लिहिलं नाही. लिहीन.

आता ज्याच्यासाठी धागा काढला ते. आबांची पहिली बायको. माझी आजी ही दुसरी. थोरले काका पहिलीचे, हे लपवलेलं कधीच नव्हतं, आजीने त्यांना आमच्या वडिलांपेक्षा काकणभर जास्तच केलं. ती पहिली १९४०च्या आसपास गेली, काका दोन वर्षांचे होते. घरात तिला 'पहिली' असंच म्हणतात. नाव? माहीत नाही. माहेर? माहीत नाही. काय झालं विचारलं की "पाय घसरून विहिरीत पडली". वडिलांच्या वंशावळीत आबांच्या नावापुढे बायको म्हणून फक्त आजी आहे. वारस नोंदीला ती लागत नाही ना, म्हणून.

तिच्या पानावर मी फक्त 'पहिली' लिहून ठेवलंय. कोणी असं शोधलंय का? कुठे शोधायचं असतं? आणि तुमच्या घरात पण असं कोणी असेल तर लिहा, कितीही थोडं असलं तरी.

रानपाखरू | २१ सप्टेंबर, रात्री ११:२५

वाचून नुसतीच बसून राहिले. आमच्यात पण एक 'पहिली' आहे. उद्या आईला फोन करते.

कृष्णाकाठ | २२ सप्टेंबर, सकाळी ७:५०

आमच्याकडे सांगली-कोल्हापूर बाजूला हेळवी येतात. तुमच्या भागात येत असतील का माहीत नाही. सुगी झाली की यायचे, पूर्वी बैलावरून, आता गाडीवरून, दारात उभं राहून घराण्याची सगळी पिढी म्हणून दाखवणार, मूळ गाव कुठलं, तिथून कोण कधी आला, कोणाला किती मुलं. जुन्या चोपड्या असतात त्यांच्याकडे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्याचा तोच हेळवी. धान्य घ्यायचे, नवीन जन्मलेल्याचं नाव लिहून घ्यायचे. पण मी गेल्या वर्षी मुद्दाम विचारलं की बायकांची नावं सांगा, तर पाच पिढ्यांत दोनच निघाली. मुली तर लिहिल्याच नव्हत्या.

दुसरं, त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. तुमच्या घरातून कोणी क्षौर-पिंडदानाला गेलं असेल तर त्याने सांगितलेली नावं तिथे असतात, गावाच्या नावावरून कुठल्या गुरुजींकडे वही आहे ते तिथे विचारलं की सांगतात. जुनी पानं मोडीत. तुमचे आबा पहिली गेल्यावर तिचं करायला गेले असतील तर सापडू शकतं. आईच्या आईचं नाव सुद्धा पिंडदानाला लागतं, त्यामुळे तिथे बायका सापडायची शक्यता सातबाऱ्यापेक्षा जास्त.

आमचं सांगतो. आमचे खापरपणजोबा पेवात गेले. आता पोरांना पेव म्हणजे काय तेच कळत नाही, जमिनीत खोल खोदलेला धान्याचा खड्डा, तोंड लहान आणि आत पोट मोठं. बंद असलं की आत हवा खराब होते, धान्य श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड तळाला साचतो. तोंड उघडून एक-दोन दिवस तसंच ठेवायचं आणि मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा, विझला तर उतरायचं नाही, हा नियम. हे उतरले कारण दारात कोणीतरी दाणे मागायला आलं होतं आणि त्याला थांबवायचं नव्हतं. त्यांच्या मागे त्यांना काढायला उतरलेला गडीही गेला. आमच्या घरात खापरपणजोबांचं नाव दरवर्षी श्राद्धाला घेतात. त्या गड्याचं नाव कोणी घेत नाही. तुमचा धागा वाचून काल रात्री पहिल्यांदा हे डोक्यात आलं, पन्नास वर्षं ही गोष्ट ऐकतोय मी.

जुने_दप्तर | २२ सप्टेंबर, दुपारी १:१५

मी ग्रामसेवक होतो, नगर जिल्ह्यात, ३१ वर्षं नोकरी, आता निवृत्त. नोंदींबद्दल जेवढं खात्रीने माहितीये तेवढं लिहितो.

आपला जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, आपल्याकडे १ एप्रिल १९७०पासून लागू. त्याच्या नंतरचं ग्रामपंचायतीत मिळेल, २१ दिवसांत नोंद करायची असते पण खेड्यात कोणी करत नव्हतं, मी स्वतः दारोदार फिरून किती नोंदी घेतल्या असतील. त्याच्या आधीचं म्हणजे गाव नमुना नंबर १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ते तहसीलच्या अभिलेख कक्षात. गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू सांगायचा आणि ते लिहिलं जायचं. जुनं मोडीत. अलीकडे कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने खूप ठिकाणी हे कागद बाहेर निघाले, स्कॅन झाले, काही जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकलेत.

पण ताई, तुमचा भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे तिथलं दप्तर वेगळं, उर्दूतले कागद खूप, आणि साल फसली, म्हणजे महसुलाची वेगळी कालगणना. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवायचे म्हणजे इसवी सन येतो. १३५० फसली दिसलं तर ते १९४०-४१. कोणी जुना उर्दू वाचणारा बरोबर घेऊन जा. शके असेल तर ७८ मिळवा.

आणि एक, जन्मतारखांवर विश्वास ठेवू नका. आमच्या पिढीत शाळेत घालताना मास्तर जी तारीख लिहील ती. अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला, कारण शाळा जूनमध्ये सुरू आणि वय बसवायचं. माझाही १ जून. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली पोळा झाल्यावर चार दिवसांनी, पाऊस लागला होता. ते खरं.

आता नोंदीत काय असतं तेही सांगतो, नाहीतर तुमची निराशा होईल. मृत्यूचं कारण असा एक रकाना. त्यात ताप, पटकी, देवी, हगवण, सर्पदंश. पानंच्या पानं ताप. मलेरिया असो, टायफॉइड असो, बाळंतपणातला ताप असो, ताप. बाईची नोंद 'अमुक याची बायको' अशी आणि लहान मुलीची नुसती 'मुलगी' अशी मी पाहिलेली आहे. मी स्वतःसुद्धा सुरुवातीच्या वर्षांत एक-दोनदा तसंच लिहिलंय, नाव विचारायचा कंटाळा नाही, सांगणारा बापच म्हणायचा की नाव कशाला. मी आग्रह धरायला हवा होता. ते रजिस्टर अजून तिथेच असेल आणि ती ओळ माझ्या अक्षरातली असेल.

तेरणाकाठ | २२ सप्टेंबर, दुपारी ३:०५

काका, तुम्ही शेवटी लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू कळत नाही, पण लिहिलंत हे फार मोठं आहे. फसलीचं मला अजिबात माहीत नव्हतं, वडिलांच्या पेटीत एक कागद आहे त्यावर असंच तेराशे-काहीतरी साल आहे, मी समजत होते की तो नंबर आहे. आज काढून बघते.

@कृष्णाकाठ, त्या गड्याचं गावात कोणी असेल का हो अजून?

लाल_माती | २२ सप्टेंबर, रात्री ९:३०

आम्ही रायगडचे, महाडच्या वरच्या अंगाचे. माझा मोठा भाऊ मी जन्मायच्या आधी गेला, सहा वर्षांचा, विंचू चावून. भाताच्या पेंढ्यात हात घातला. कोकणातला लाल विंचू वेगळा, तुमच्याकडच्या काळ्या विंचवाने ठणका लागतो आणि उतरतो, ह्याने घाम सुटतो, हातपाय गार पडतात, उलट्या आणि मग फुप्फुसात पाणी. रात्रभर मांत्रिक उतारा करत होता आणि बाबा त्याच्या पायाशी बसून होते. आईने हे मला एकदाच सांगितलं आणि बाबांनी कधीच नाही.

नंतर आमच्याच भागात डॉ. हिंमतराव बावस्कर आले, १९७६ला बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात, त्यांनी हेच पाहिलं की चांगली धडधाकट पोरं विंचवाने मरतात आणि मग रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून बघितली. आधी दवाखान्यात आणलेल्यांतलेही शंभरात तीस-चाळीस जायचे, आता एखादा. २०२२ला पद्मश्री मिळाली त्यांना. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा आई ८८ वर्षांची होती, तिने आवाज मोठा करायला लावला आणि बातमी संपल्यावर म्हणाली, "गोळीच होती व्हय फक्त." आणि आत गेली.

भावाबद्दल मला एकच माहितीये की त्याला पोहता येत होतं. सहा वर्षांचा आणि सावित्री नदीच्या डोहात उडी मारायचा. आईने सांगितलेल्या गोष्टीत ते मरणाच्या आधी एका वाक्यात येऊन गेलं होतं आणि मी तेव्हा लक्षच दिलं नाही. तुमच्यासारखी वही केली तर त्याच्या पानावर पोहण्याचं आधी लिहीन.

बाळंतविडा | २३ सप्टेंबर, सकाळी १०:१०

मी सिस्टर होते, एएनएम म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स, विदर्भात, १९७९ ते २०१२. नाव नसलेल्यांचं निघालंय म्हणून लिहिते.

नोकरीला लागले तेव्हा एकेका घरात विचारायचो की बाई, तुला किती झाली. ती सांगायची 'जिवंत चार'. मग विचारायचं गेलेली किती, तर बोटं मोजायची. बहुतेक आठवडा-दहा दिवसांत गेलेली. बाळ दूध ओढायचं बंद करतं, जबडा आवळतो, धनुष्यासारखं ताठ होतं. नाळ विळ्याने नाहीतर दगडावर ठेवून कापलेली, वर शेणाची राख लावलेली, त्यातून धनुर्वात. तो होतो तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत, म्हणजे नेमका बारशाच्या आधी. पाचवीला सटवाईची पूजा करायची, ती कपाळावर लिहून जाते म्हणतात, आणि लोक म्हणायचे सटवाईने एवढंच लिहिलं होतं. म्हणून त्या पोरांना नाव नाही. नाव ठेवायच्या आतच गेली.

गरोदर बाईला टीटीची, म्हणजे धनुर्वाताच्या लसीची, दोन इंजेक्शनं आणि नवीन ब्लेड, इतकंच लागत होतं हो. सुरुवातीला बाया घाबरायच्या, मूल होऊ नये म्हणून सुई देतात म्हणायच्या, मी माझ्या स्वतःच्या दंडात टोचून दाखवलंय. गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी तर गावातल्याच बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांचं बघायला लावलं, ३९ गावांत, आणि मृत्यू निम्म्याहून खाली आले, ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे. २०१५ला बाळांचा धनुर्वात देशातून गेल्यात जमा असं जाहीर झालं. मी तेव्हा रिटायर झाले होते, पेपरात छोटी बातमी होती, मी कापून ठेवलीये.

माझ्या सासूबाईंची तीन गेली अशी. मी एकदा त्यांना विचारलं, नाव नव्हतं ठेवलं पण मनात काही होतं का? खूप वेळ गप्प होत्या. मग तिन्ही नावं सांगितली, एकदम, न अडखळता. नवऱ्याला सुद्धा कधी सांगितली नव्हती म्हणाल्या. तेरणाकाठ ताई, तुमच्या वहीत ह्यांना पण पान ठेवा, तुमच्या सोळात ही पोरं मोजलेली नसणार.

तेरणाकाठ | २३ सप्टेंबर, सकाळी १०:४०

नाही मोजली. आजीची दोन होती. आत्ता पानं वाढवली.

जाणकार_गावकरी | २३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

माझं मत वेगळं आहे आणि राग मानू नका. साप, विंचू, दुष्काळ, भूकंप ठीक आहे. पण विहिरीत गेलेली बाई तिच्या नावासकट वहीत लिहायची, उद्या पोरं वाचणार, प्रश्न विचारणार, आबांवर बोट येणार, जे आता उत्तर द्यायला नाहीत. आपल्या मागच्या लोकांनी 'पाय घसरला' म्हटलं ते काहीतरी विचार करूनच म्हटलं असेल. झाकली मूठ. तिला शांत राहू द्या, घरालाही.

नाव_नको | २३ सप्टेंबर, रात्री ११:५०

वरच्या प्रतिसादामुळे लिहितोय नाहीतर लिहिणार नव्हतो, नेहमीच्या आयडीने पण नाही लिहीत.

आमचे वडील यवतमाळकडचे शेतकरी, कापूस. मी बारावीत होतो. त्यांनी स्वतःहून जीवन संपवलं. लोकांना सांगितलं हार्ट अटॅक. आधी आईने ठरवलं म्हणून आणि नंतर मला बोलवतच नाही म्हणून. तेव्हापासून आम्ही त्यांच्याबद्दल काहीच बोलत नाही, कारण काहीही बोलायला गेलं की ते शेवटाकडे जातं, आणि शेवट बोलायचा नाही. म्हणजे झाकायचं होतं एका दिवसाचं आणि त्यात माणूस अख्खा झाकला गेला. माझ्या मुलीला आजोबा गात होते हे माहीत नाही. भजनात पेटी वाजवायचे, पंचक्रोशीत नाव होतं, आणि पेटी माळ्यावर गुंडाळून ठेवलीये.

तिला सांगायचं मी ठरवलंय. आधी पेटीचं सांगेन.

बाळंतविडा | २४ सप्टेंबर, सकाळी ८:००

@नाव_नको, बेटा, पेटी खाली काढ. आणि आईशी बोल आधी, तिने एकटीने किती वर्षं ते धरून ठेवलंय. तुलाही कधी जड झालं तर एकट्याने सोसू नको, कोणाशी तरी बोल, डॉक्टरकडे जायला लागलं तर जा, टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

@जाणकार_गावकरी भाऊ, विहिरीतून काढलेल्या किती बायका मी पाहिल्यात. पाय घसरला हे शब्द त्यांच्या बाजूने कोणीच उच्चारले नव्हते. कधी कधी खरंच घसरतो, हो, दगड शेवाळलेले असतात, खांद्यावर घागर असते. पण कुठलं खरं हे कळायला आधी ती बाई कोण होती ते माहीत पाहिजे ना.

जाणकार_गावकरी | २४ सप्टेंबर, सकाळी ९:४५

तुमचं म्हणणं पोचलं. @नाव_नको यांचं वाचून रात्री झोप लागली नाही. मी माझं म्हणणं मागे घेत नाही पूर्ण, पण विचार करतोय.

कृष्णाकाठ | २४ सप्टेंबर, दुपारी १२:३०

त्या गड्याच्या नातवाचा मुलगा आमच्याच गावात ट्रॅक्टर चालवतो. काल गेलो होतो. त्याला नाव माहीत होतं. बाकी पेवाची गोष्ट त्याच्या घरात वेगळीच सांगतात, त्यांच्याकडे मालकाला वाचवायला गेलेला आमचा आजा अशी ती सुरू होते, दाणे मागायला आलेला वगैरे त्यात कोणी नाहीच. दोन्ही लिहून ठेवतोय.

ताई, एक सुचवतो. जुन्या माणसाला 'ती कशी गेली' असं विचारलं की ते घरात ठरलेलं वाक्यच सांगतात. मी वस्तूवरून विचारतो. तिचं काही घरात होतं का, भांडं, लुगडं, अवजार. कोणत्या जागेवर बसायची. जात्यावर काय म्हणायची. ओव्यांत बायका स्वतःचं माहेर, भावांची नावं गुंफतात, हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी गावोगावच्या एक लाखाच्या वर ओव्या जमवल्यात, 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्यांच्या वेबसाइटवर गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट ऐकायला मिळतात.

रानपाखरू | २५ सप्टेंबर, रात्री ८:१५

आईला फोन केला. आमच्या 'पहिली'ला कुत्र्यांचा लळा होता आणि ती बाळंतपणात गेली. एवढंच मिळालं. नाव आईच्या मोठ्या जावेला माहीत असेल, त्या आता ओळखत नाहीत कोणाला. दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.

तेरणाकाठ | २८ सप्टेंबर, रात्री ९:५०

काल लातूरला आत्याकडे जाऊन आले. आत्या ८२ वर्षांची, आजीची थोरली लेक, म्हणजे पहिली गेल्यानंतर तीन वर्षांनी जन्मलेली. तिला काय माहीत असणार म्हणून मी आजवर विचारलंच नव्हतं.

कृष्णाकाठ यांनी सांगितलं तसं विचारलं. तिचं काही घरात होतं का गं. आत्या लगेच म्हणाली, "इळा होता की." डावरी होती ती. उजव्या हाताच्या विळ्याने तिला काढणी जमेना म्हणून तिच्या वडिलांनी लोहाराकडून उलट्या दात्यांचा विळा करून घेतला आणि लग्नात बरोबर दिला. ती गेल्यावर तो तसाच आढ्याला खोचलेला. आजी लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांची, पहिल्याच सुगीला तिच्या हातात कोणीतरी तो दिला, आणि तो तिच्या हातात फिरला, बोट कापलं. तोच व्रण. मी तो व्रण लहानपणापासून धरून झोपलेय.

थोरले काका मोठे झाल्यावर तो विळा त्यांना बरोबर बसला. आम्ही सगळे समजत होतो की काकांनी स्वतःसाठी करून घेतलाय.

मग मी नाव विचारलं. आत्या म्हणाली, तुझी आजी दरवर्षी पितरपाटात नवमीला, अविधवा नवमी म्हणतात ती, आमच्याकडे अहेव नवमी, एका सवाष्णीला जेवू घालायची, ओटी भरायची, आणि नैवेद्य ठेवताना हळूच नाव घ्यायची. वर्षातून एकदा. आत्या मोरीपाशी बसून ते ऐकायची. ९३ला घर गेलं, थोरले काका गेले, त्यानंतर आजीने ते केलं नाही. कोणी विचारलं नाही का म्हणून.

आत्याने नाव सांगितलं. इथे लिहीत नाही, वहीत लिहिलंय. माहेरचं गाव पण सांगितलं, आमच्यापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर आहे, लहानपणापासून त्या गावावरून एसटीने गेलेय मी.

निघताना मी चपला घालत होते तेव्हा आत्या स्वतःहून म्हणाली, "तुझी आजी म्हणायची, पाण्याला गेली नव्हती ती. घागर घरातच होती." त्यापुढे काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. तेही तसंच्या तसं लिहिलंय, आत्याच्या शब्दांत.

आज चुलतदादाला फोन करून विळ्याचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मला वाटलं रेंज गेली. विळा काका आखाड्यावरच ठेवायचे, घरात नाही, म्हणून तो ढिगाऱ्याखाली गेला नव्हता. तासाभराने त्याने फोटो पाठवला. पत्र्याच्या शेडमध्ये, खिळ्याला अडकवलेला. दाते झिजून गेलेत, मूठ बदललेली दिसतेय, पातं तेच. खाली त्याने लिहिलंय, ह्या रविवारी ये, आपण दोघं तिच्या माहेरी जाऊन येऊ, कोणी असेल तर बघू.